खैरूची नऊ कार्डं

परतूर

आईला आम्ही माय म्हणतो. मायकडं तमिळनाडूची नऊ रंगीत पोस्टकार्डं आहेत, पन्नासेक वर्षांपूर्वीची. काळ्या-पांढऱ्या फोटोवर कुणी हातानं रंग भरावा तशी ती दिसतात. आभाळ नको तितकं निळं, देवळं केशरी, आणि रस्त्यावरच्या सगळ्या बायांची लुगडी एकाच लाल रंगाची. महाबलीपुरमचं समुद्रकाठचं देऊळ, तंजावरचं मोठं देऊळ, मदुरेचं गोपूर, पांबनचा पूल, कोडाईकनालचं तळं, मद्रासचं स्टेशन. मागच्या बाजूला निळ्या शाईत, शाळकरी वळणाचं मराठी आणि खाली सही: ‘तुझी खैरू’.

खैरू म्हणजे खैरुन्निसा. हसनाबादला मायच्या माहेरी भिंतीला भिंत लागून तिचं घर होतं. तिचे वडील शिंपी. मायला दुसरीतून काढून घरकामाला लावलं, पण खैरूच्या वडिलांनी हट्टानं लेकीला सातवीपर्यंत शिकवलं. मायचं लग्न आधी झालं, परतूरजवळच्या गावात. वर्षभरानं खैरूचं झालं. चपला विकत गावोगाव फिरणारा, मद्रासकडचा, उर्दू बोलणारा मुलगा. जालन्याला कातडी खरेदी करायला येणाऱ्या कुण्या व्यापाऱ्यानं ते स्थळ आणलं होतं. मग मायच्या, म्हणजे कौसाच्या, नावानं कार्डं यायला लागली. वर्षाला एखादं, कधी दोन वर्षांनी. ‘कौसा, आम्ही आता मदुरेला आलो आहोत.’ ‘कौसा, कोडाईकनालला फार थंडी आहे, मी दोन स्वेटर घातले.’

ती कार्डं माझे वडील, बापू, वाचून दाखवायचे. माय चुलीपुढं बसून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायला लावायची. कार्डावर खैरूचा पत्ता कधीच नसायचा, त्यामुळं उत्तर पाठवायचं कुठं, हा प्रश्न होता. मायनं माहेरी जाऊन विचारायचं ठरवलं, तर खैरूचे आईवडील घर बंद करून लेकाकडं औरंगाबादला गेलेले. मी पहिलीत गेले तेव्हा माझ्या पाटीवर माय चोरून अक्षरं गिरवायला लागली. दोन वर्षांत तिला वाचता यायला लागलं. तोवर कार्डं यायची थांबली होती.

“ती लिव्हत राह्यली अन् मी मुकी बसले,” माय म्हणायची. “तिला वाटलं असंल, कौसानं इसरून टाकलं.”

मागच्या दिवाळीत माझ्या भाच्यानं मोबाईलवर महाबलीपुरमचं देऊळ दाखवलं. मायनं कार्ड आणून मोबाईलशेजारी धरलं. कितीतरी वेळ कधी इकडं, कधी तिकडं बघत होती. मग मला म्हणाली, “सुमे, मला ही ठिकाणं बघायचीत. अन् जमलं तर तिला हुडकायचं.”

मी परतूरला शाळेत शिकवते. मायचं वय पंच्याहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. तुळजापूर, पैठण आणि जांब समर्थ यांच्यापलीकडं ती गेलेली नाही. मी म्हटलं, “माय, नऊ नाही होणार. आणि बिनपत्त्याचं माणूस कुठं शोधायचं? त्या हयात असतील की नाही, तेही माहीत नाही.”

“मेली असंल तर मातीवर फूल टाकून येऊ. पण इचारून तर येऊ.”

जानेवारीत दहा दिवसांची रजा टाकली. तीन ठिकाणं बघायचं ठरलं: महाबलीपुरम, तंजावर, मदुरे. जालन्याहून चेन्नईला आठवड्यातून एकदा थेट गाडी आहे, तीच धरली. मायनं सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तीळगूळ आणि डबाभर ज्वारीचं पीठ घेतलं. पीठ कशाला, असं मी विचारलं. “तिकडं नुस्ता भात खातेत म्हणं,” ती म्हणाली.

महाबलीपुरम

आम्ही पोचलो तो संक्रांतीचा दिवस होता, त्यांचा पोंगल. चेन्नईहून बसनं जाताना प्रत्येक दारात रांगोळी. आपल्या रांगोळीसारखी ठिपक्यांचीच, पण अंगण भरून, एका रेघेत वळत वळत काढलेली. दाराच्या दोन्ही बाजूंना ऊस बांधलेले. पाल्यासकट हळदीची रोपं विकायला बसलेल्या बाया. मायला हळदीचं झाड एवढं मोठं असतं हेच ठाऊक नव्हतं. वसमतकडं हळद होते म्हणतात, पण आमच्या भागात सगळी कपाशी आणि सोयाबीन.

बसमधून उतरलो तर एका खानावळीच्या दारातला माणूस हात करून ओरडत होता, “वांगा, वांगा!” माय थबकली. भूक लागलेलीच होती. “चल गं, वांग्याची भाजी हाय इथं.” आत जाऊन बसलो. केळीच्या पानावर भात आला, त्यावर सांबार, दोन भाज्या, पापड. मायनं भाज्या बोटानं सारून बघितल्या. एक कोबीची, एक बिटाची. तिनं वाढप्याला हाक मारून विचारलं, “वांगं कुठाय?” तो म्हणाला, “वांगा, वांगा,” आणि हसत आणखी दोन माणसांना आत बसवलं. शेवटी शेजारच्या पानावरच्या मुलीनं हिंदीत सांगितलं की वांगा म्हणजे या. माय तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. पुढं प्रवासभर कुणी ‘वांगा’ म्हटलं की ती मला कोपरानं ढोसायची.

समुद्रकाठचं देऊळ मायनं लांबून ओळखलं. कार्ड पिशवीतून काढून तिनं चित्रकारासारखं डोळ्यासमोर धरलं आणि फोटो जिथून काढला असेल ती जागा शोधत शोधत मागं सरकायला लागली. दोनदा पर्यटकांना धडकली. जागा काही नीट सापडली नाही, कारण आता तिथं कुंपण आणि झाडं आहेत. तरी देऊळ तेच, तसंच झिजलेलं. कार्डावर ते केशरी आहे. खरं तर ते भिजलेल्या मातीच्या ढेपळाच्या रंगाचं आहे, आणि मला तेच जास्त आवडलं.

मग समुद्र. मायनं जन्मात पहिल्यांदा समुद्र बघितला. मला वाटलं होतं ती हात जोडेल, काही बोलेल. ती वाळूत तशीच उभी राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, “ह्याला गप्प बसायचं कळतच न्हाई का?” लुगडं वर खोचून, माझा दंड धरून ती घोट्याएवढ्या पाण्यात गेली आणि चमकली.

“ऊन हाय गं हे!”

“मग?”

“खैरूनं लिव्हलंय, उन्हाळ्यातल्या विहिरीवानी गार हाय म्हणून.”

मी कार्ड बघितलं. खरंच तसं लिहिलं होतं. मी म्हटलं, तेव्हा गार असेल. मायनं मान हलवली, पण तिचं समाधान झालं नव्हतं.

तंजावर

तंजावरला पोचलो तो गायीबैलांच्या पोंगलचा दिवस होता. म्हणजे तिकडचा पोळाच. रस्त्यानं शिंगं रंगवलेले बैल, गळ्यात माळा, कपाळाला कुंकू. मायला घरी आल्यासारखं वाटलं. “आपला श्रावणात, ह्यांचा पौषात,” ती म्हणाली. “बैलाला काय, दोन्ही गोडच.” मोठ्या देवळातला दगडी नंदी तर त्या दिवशी भाज्यांनी सजवला होता. वांगी, भोपळे, काकड्या, केळी, पडवळ यांच्या माळाच माळा. एवढ्या मोठ्या नंदीला एवढी भाजी. माय म्हणाली, “हे बघ, इथं हायेत वांगी.”

देवळाच्या अंगणात चपला चालत नाहीत. दुपार झाली होती आणि जानेवारी असूनही फरशी तापली होती. माय अर्ध्या अंगणात पोचली आणि तिथं सावली नव्हती. “अगं माय माय माय, पाय भाजले!” असं ओरडत, दुखरे गुडघे विसरून ती जवळजवळ पळायलाच लागली.

तेवढ्यात सावलीतून आवाज आला, “अम्मा, इकडे या, इकडे! त्या चटईवर पाय ठेवा.”

मराठीत. आम्ही दोघी एकदमच वळलो. सत्तरीचे एक गृहस्थ, पांढरी लुंगी, कपाळाला गंध. मराठी राजांच्या काळापासून तंजावरला राहिलेल्या घराण्यांपैकी ते होते. त्यांची मराठी कानाला वेगळीच लागायची. शब्द आपले, पण चाल तमिळ, आणि मधेच एखादा शब्द पोथीतला वाटावा असा. आम्ही जालन्याकडच्या, असं सांगितलं तर त्यांना काही कळलं नाही. समर्थांचं जन्मगाव जांब समर्थ म्हटल्यावर मात्र ते उठून उभेच राहिले. तंजावरला समर्थांच्या परंपरेचे मठ आहेत, त्यांच्या घरी रोज दासबोध वाचतात. “म्हणजे तुम्ही त्या गावाकडच्या!” असं म्हणून त्यांनी मायला वाकून नमस्कार केला. माय इतकी अवघडली की तिनं उत्तरादाखल त्यांच्या हातावर तीळगूळ ठेवला.

मी त्यांना रामराव काका म्हणायला लागले. त्यांनी घरी जेवायला नेलं. काकूंनी सांबार वाढलं. काका म्हणाले, सांबार हे मराठ्यांनीच या मुलखाला दिलं, असं आमच्या घरात सांगतात. मायनं एक घास घेतला, डोळे मिटले आणि निकाल दिला, “आमटीच हाय ही. नुस्तं नाव बदललंय.” काकूंना मराठी कमी कळत होतं, पण ‘आमटी’ कळलं. त्यांनी आणखी एक वाटी वाढली.

जेवण झाल्यावर मायनं कौतुकानं कार्डं काढली. तंजावरचं कार्ड काकांनी हातात घेतलं, फोटो पाहिला आणि मग मागचा मजकूर सावकाश, मोठ्यानं वाचला: “कौसा, हे देऊळ एवढं उंच आहे की मान दुखते. देवळाच्या मागंच समुद्र आहे. लाटांचा आवाज गाभाऱ्यापर्यंत येतो.”

ते थांबले. “अम्मा, येथे समुद्र नाही. समुद्र फार लांब आहे, बसनं दोन तास.”

माय म्हणाली, “मंग हे काय हाय?” आणि फोटोतल्या देवळामागची निळी पट्टी दाखवली.

तो आभाळाचा रंग होता. रंग भरणाऱ्यानं निळा खालपर्यंत ओघळू दिला होता, आणि कार्ड बघणाऱ्याला तो समुद्र वाटला असता. कार्ड बघणाऱ्याला, देवळात आलेल्याला नाही.

काकांनी भिंग आणलं. एकेका कार्डावरचा पोस्टाचा शिक्का ते बघायला लागले. शिक्के सगळे फिसकटलेले. आम्ही इतक्या वर्षांत कधी त्यांच्याकडं नीट पाहिलंच नव्हतं. एकावर ‘वाणि’ एवढंच उठलं होतं, दुसऱ्यावर ‘बाडी’, तिसऱ्यावर मधला ‘यं’. काकांनी नऊ कार्डं जमिनीवर ओळीनं मांडली.

“हे सर्व एकाच गावचे शिक्के आहेत. वाणियंबाडी. चेन्नईहून बंगळूरला जातांना वाटेत लागतं. चामड्याचं गाव. तेथे उर्दू बोलणारे पुष्कळ आहेत.” मग जरा चाचरत म्हणाले, “या बाई मदुरेला, कोडाईकनालला गेल्या असतील. पण कार्ड मात्र प्रत्येक वेळी घरूनच टाकलं.”

मला आनंद झाला होता. गाव सापडलं होतं! मी मायकडं बघितलं, तर तिचा चेहरा पार उतरलेला.

“ती गेलीच न्हाई कुठं,” माय म्हणाली. “स्वेटर बी खोटं अन् समुद्र बी खोटा. मी चुलीपुढं बसून खरं मानत राह्यले.”

लॉजवर आल्यावर तिनं कार्डं पिशवीच्या तळाशी घातली आणि वर लुगडी दाबली. “मला न्हाई जायचं म्होरं. मदुरे बी नको. घरी चल.”

मी समजावायला गेले, तर तिनं भिंतीकडं तोंड केलं. एवढ्या लांब आलो, गावाचं नाव सापडलं आणि इथून परत फिरायचं, या विचारानं मलाही मायचा राग आला होता, हे कबूल करते.

सकाळी मी उठले तेव्हा माय आंघोळ करून, वेणी घालून, पिशवी मांडीवर घेऊन कॉटवर बसली होती.

“सुमे, मी माहेरी गेले की काय सांगत होते म्हाईत हाय?” ती म्हणाली. “सासू लई जीव लावती. पोटभर खायला हाय. मळ्यात झोका बांधलाय माझ्यासाठी.” तिनं मांडीवरच्या पिशवीची गाठ घट्ट केली. “कशाचा झोका? मळ्यात जायची सुदिक परवानगी नव्हती पहिली तीन वर्सं.”

मी तिच्याशेजारी कॉटवर बसले.

“तिनं बी तसंच केलं असंल. चल. गाडी किती वाजता हाय?”

मदुरे राहिली. त्याचं आता काही वाटत नाही.

वाणियंबाडी

गावात शिरताना आधी वास येतो, कातडी कमावण्याचा. मग नारळाची झाडं, वाळूनं भरलेली पालार नदी आणि पश्चिमेला गावावर वाकून बघणारा डोंगर. बाजारात अर्ध्या पाट्या तमिळ, अर्ध्या उर्दू. चौकात चहावाल्याशी दोन म्हातारे उर्दूत वाद घालत होते, आणि मायला एकदम कंठ फुटला. इतके दिवस माझ्या मागं मागं चालणारी माय पुढं झाली. हसनाबादच्या शेजारात शिकलेली तिची हिंदी इथं बराबर चालत होती.

चपलांचं एक जुनं दुकान बघून ती आत शिरली. “भैया, खैरुन्निसा को ढूंढते. जालने की है वो. उसका आदमी चप्पलां बेचते फिरता था.”

दुकानदार पन्नाशीचा. त्यानं डोकं खाजवलं. “जालनेवाली आपा?” मग म्हणाला, “थीं ना, पीछे की गली में.”

‘थीं’ हे ऐकून मायनं माझा हात धरला.

“अब नहीं हैं वहां,” तो म्हणाला. “बेटे ने नया घर बांध लिया, मस्जिद के उधर. वहीं हैं. चलो, मैं दिखाता.”

मायनं दुकानातल्या स्टुलावर बसून घेतलं. दुकानदारानं पाणी दिलं. त्याला वाटलं, उन्हानं चक्कर आली.

दाराच्या पायरीवर एक गोरीपान, बारकी बाई शेवग्याचा पाला निवडत बसली होती. जाड भिंगांचा चष्मा. दुकानदार ‘मेहमान हैं’ म्हणून निघून गेला. माय पायरीपाशी उभी राहिली आणि एवढ्या वाटेत पाठ केलेलं सगळं विसरली.

“कौन?” बाईनं वर बघितलं.

“हसनाबादची,” माय म्हणाली.

पाला निवडणारे हात थांबले. “हसनाबाद में किसकी?”

“तुझ्या भिंतीपल्याडची.”

खैरू मावशीनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. मग मराठी आली, गंज चढलेली कडी उघडावी तशी अडत अडत. “कौसा? तू... तू तं उंच होतीस गं.”

“गुडघ्यांनी खाली आणलं.”

मग दोघी एकदमच रडायला लागल्या आणि पाला सगळा पायरीवर सांडला. आतून सून धावत आली, तिच्या मागं शेजारच्या दोन बाया आल्या. कुणालाच काय झालं ते कळेना. मी सुनेला हिंदीत सांगत होते आणि ती मला चहा की सरबत ते विचारत होती.

दुपारी त्यांच्याकडं बिर्याणी आणि वांग्याचा आंबट-तिखट रस्सा होता. माय माळकरी. सुनेनं तिच्यासाठी वेगळ्या भांड्यात साधा भात आणि वांगं केलं. पण खैरू मावशीनं मायच्या पिशवीतला पिठाचा डबा बघितला होता. “भाकर करशील?” तिनं विचारलं, लहान मुलीनं मागावं तसं. त्या स्वयंपाकघरात परात नव्हती. माय स्टीलच्या ताटात पीठ मळून, ओट्यापाशी उभी राहून भाकरी थापायला लागली. पहिली फाटली, दुसरी जमली. खैरू मावशी बिर्याणी बाजूला सारून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात बसली. नात विचारत होती, “दादी, ये कौन सी ज़बान बोलते आप?” तिनं आजीच्या तोंडून मराठी कधी ऐकलीच नव्हती.

जेवणं झाल्यावर मायनं कार्डं काढून चटईवर ठेवली. खैरू मावशीनं एकदा बघितलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“ठिवलीस तू? सगळी?”

“नऊ.”

मग हात खाली घेऊन ती हळू म्हणाली, “कौसा, यातलं एक बी गाव म्या पाह्यलं न्हाई.”

“म्हाईत हाय. तंजावरला समुद्र न्हाई.”

मावशीनं चमकून मायकडं बघितलं. “न्हाई?”

“न्हाई. अन् महाबलीपुरमचं पाणी ऊन हाय. मी पाय घालून आले.”

आधी मावशी हसली, मग माय. दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसायला लागल्या, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

मग ती सांगत गेली. नवरा चांगला होता. चपलांची पेटी घेऊन गावोगाव जायचा आणि येताना तिच्यासाठी कार्ड आणायचा. ‘हे बघ, आपण जाऊ इथं,’ म्हणायचा. पण घरात सासू, तीन दीर, मग पाच लेकरं. जाणं राहून जायचं. “तेनं खोटं न्हाई सांगितलं. जायचंच होतं आम्हाला. मंग मी म्हनलं, आता गेले न्हाई, पण कार्ड तं हाय. जाऊन आल्यावानी लिव्हलं. कुणाला लिव्हनार? इथं माझी मराठी कुणाला येती?”

“पण पत्ता का नाही लिहिला, मावशी?” मी विचारलं.

“पत्ता लिव्हला अस्ता तं उत्तर आलं अस्तं. कौसा इचारती, कोडाईकनालला काय काय पाह्यलं, सांग. मंग काय सांगू?” तिनं मायचा हात हातात घेतला. “उत्तराची वाट तं बहोत पाह्यली. अन् येऊ नये म्हनून पत्ता बी लिव्हला न्हाई. दोन्ही बराबर हाय.”

पुढं नवऱ्यानं गावातच दुकान टाकलं, फिरणं थांबलं, आणि कार्डं आणणारंच कुणी राहिलं नाही. तो जाऊन नऊ वर्षं झाली. “चांगला मानूस होता,” ती पुन्हा म्हणाली. मायनं बापू कसे गेले ते सांगितलं. आता त्या दोघींत मला काही काम नव्हतं, म्हणून मी सुनेला भांडी आवरू लागायला गेले.

येलगिरी

गावावर वाकून बघणारा डोंगर म्हणजे येलगिरी. वर थंड हवा आहे, तळं आहे, लांबलांबून लोक येतात. मावशीच्या गच्चीवरून तो रोज दिसतो आणि छप्पन वर्षांत ती तिथं एकदाही गेली नव्हती.

“का गं?” माय म्हणाली.

“दिसतो की हितून.”

“हितून दिसलेलं पुन्हा कार्डावर लिव्हशील तू. न्हाई, चल.”

मावशीचा मुलगा सलीम, पन्नाशीचा, अबोल माणूस. दुसऱ्या दिवशी दुकान भाच्यावर सोपवून त्यानं गाडी काढली. रस्ता वळणावळणाचा. सातव्या की आठव्या वळणावर गाडी थांबवावी लागली, कारण मला उलटी झाली. दोघी म्हाताऱ्या ठणठणीत. माय माझी पाठ चोळत होती आणि मावशी खिडकीतून डोकं बाहेर काढून खालची नदी, नारळी, रेल्वेचा रूळ असं एकेक ओळखून दाखवत होती. “सलीम, वो अपना घर? वो हरी टंकीवाला? इत्ता छोटा?”

वर फणसाची झाडं, मधाच्या बाटल्या विकणारे आणि अंगावर शाल घ्यावी इतपत गारवा. तळ्यात पायानं चालवायच्या नावा होत्या. मायनं तिकिटं काढायला लावली. मावशी काठावर अडून बसली. “बुडाले तं?”

“बुडालो तं दोघी बुडू. बस.”

एका नावेत त्या दोघी आणि सलीम, दुसरीत मी. सलीम एकटाच पाय मारत होता, त्यामुळं नाव गोल गोल फिरायला लागली. मावशी आधी देवाचं नाव घेत होती, मग किंचाळत होती, मग तिनं वाकून पाण्यात हात घातला आणि मोठ्यानं ओरडून मला सांगितलं, “सुमन, गार हाय गं! हे खरं गार हाय!”

परतताना एका वळणावर माणसं उभी राहून खालचा मुलूख बघत होती. आम्हीही उतरलो. मावशीनं शाल घट्ट लपेटली आणि सलीमला विचारलं, “जालना किधर आता?”

त्यानं अंदाजानं उत्तरेकडं हात केला. तिकडं नुसते डोंगर आणि धुकं. ती तिकडं बघत राहिली. “हसनाबादला आता माझं कोन हाय, कौसा?”

“शाळा हाय. तुझ्या बापाच्या दुकानाची जागा हाय, तिथं आता मोबाईलवाला बसतो. विहीर हाय. अन् मी तुला घेऊन जाईन ना, मंग मी हायेच की.”

मावशी वळली. “सलीम, मैं इनके साथ जाती. पंद्रह दिन.”

“अम्मी,” सलीम म्हणाला, “आपके घुटने?”

“घुटने साथ लेके जाती.”

सलीमनं माझ्याकडं बघितलं, मग डोंगराकडं, आणि हसला. या माणसाला हसता येतं हे मला तेव्हा कळलं. “मैं चेन्नई तक छोड़ता,” तो म्हणाला.

तिथंच, कठड्याला टेकून, मी मोबाईलवर तिकीट काढायला घेतलं. नाव घातलं. वय विचारलं.

“पंच्याहत्तर,” मावशी म्हणाली. “कौसापेक्षा दोन महिन्यांनी ल्हान.”

“ल्हान कशाची? मोठी हायेस तू. रझाकाराच्या गडबडीत तू रांगत होतीस, तुझी आई सांगायची.”

“माझी आई तुझ्याबद्दल सांगायची ते.”

दोघींचं काही जमेना. तेवढ्यात त्यांना समजलं की डब्यात एकच खालचा बर्थ रिकामा आहे, आणि लहान कोण, मोठं कोण हे भांडण एका क्षणात उलटं झालं. मावशी म्हणाली, मीच मोठी. माय म्हणाली, आता कशी मोठी झालीस? सलीम गाडीचं दार उघडून उभा होता. मी मावशीचं वय शहात्तर लिहिलं, खालचा बर्थ तिच्या नावावर टाकला, आणि मायला सांगितलं की तुझा आधीच काढलेला आहे, तोही खालचाच. दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि एकाच वेळी मला विचारलं, “मंग तू कुठं झोपशील?”

“वर,” मी म्हटलं.

“पडशील,” मावशी म्हणाली. आणि एवढं बोलून ती मायचा हात धरून गाडीत जाऊन बसली, खिडकीपाशी.